मी जंगल झाडलं त्याची गोष्ट

...नाही, मला सांगा, झाडलोटीला माणूस ठेवायचा आणि त्यानं झाडलं की डोक्याला हात लावायचा, ह्याला काय म्हणायचं? माझं एवढंच चुकलं, तुम्हाला सांगतो, काम म्हटलं की आपण चोख!

ही शाळा म्हणजे, भिंतीच नाहीत हो! सगळं जंगल. झाडाखाली वर्ग. आणि भाषा दोन, एक दिवस आपली, एक दिवस ती दुसरी. ज्या दिवशी जी, त्या दिवशी बाई दुसरीतला एक शब्द काढणार नाहीत, समोर साप आला तरी! तिथल्या स्वयंपाकघरात माझी ताई. तिनंच माझ्यासाठी शब्द टाकला. मोठ्या बाई म्हणाल्या, "एक दिवस काम बघू, मग ठरवू." ताईनं फाटकाशीच दम दिला, "चार महिने घरी बसलायस. आज माझी मान खाली जाऊ देऊ नकोस." आता बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, पण काम म्हटलं की...

सहालाच खराटा घेतला. पानं ही एवढी, गुडघाभर! वाटलं, बिचाऱ्यांना इतकी वर्षं माणूसच मिळाला नसेल. नऊपर्यंत एकवीस पोती भरली, कोळ्यांची जाळी काढली, वारुळं सपाट केली, एक कुजका ओंडका होता तो कुंपणापाशी नेऊन टाकला... जमीन अशी लख्ख, की वाढा जेवण! आणि राहिलो उभा, शाबासकीची वाट बघत.

मोठ्या बाई आल्या. बघितलं. खालीच बसल्या. आणि जे सुरू झाल्या... त्या दुसऱ्या भाषेत! दिवस तिचा होता ना! मी सातवीत शाळा सोडलेली, मला ओ की ठो कळेना. पण शाबासकी नव्हे, एवढं कळलं.

तेवढ्यात तिसरीतली एक दोन वेण्यांची पोरगी पुढे आली. "काका, बाई म्हणतायत, तो ओंडका आमचं विज्ञान होतं. दोन वर्षं कुजवत होतो."

"कुजवत?"

"हो. आणि मुंग्या गणिताच्या होत्या."

अहो, आमच्या शाळेत पान पडलेलं दिसलं की छडी बसायची, मला काय स्वप्न पडलं होतं?

"बाई म्हणतायत, उद्यापासून..." पोरीनं मागं वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी, हातात पळी. मान खाली.

मग मीच बोललो. "बाळ, त्यांना सांग, मी चुकलो."

दोन शब्द हो! आणि ती पोरगी पाच मिनिटं बोलली, हातवारे करून! बाई हळूहळू उठल्याच.

"काय गं सांगितलंस?"

"हेच, की काकांना कुठली वस्तू कुठं होती ते सगळं पाठ आहे. संध्याकाळपर्यंत परत लावतील."

घ्या! पण खरं सांगू? पाठ होतं! मन लावून झाडलेलं विसरत नाही माणूस. ओंडका, बुरशीची बाजू सावलीकडे. पानं, जाड थर वडाखाली. मुंग्या मात्र आपणहून परत आल्या, माझ्या पायावरून.

नोकरी पक्की झाली. आता वाऱ्यानं बाहेर गेलेली पानं रोज गोळा करून आत पसरतो. मोठ्या बाई बोट दाखवतात, "इथं कमी पडलीत," की तिथं अजून एक पोतं. काम म्हटलं की आपण चोख!

परवा आईनं विचारलं, "अरे, कामाला जातोस म्हणजे नक्की करतोस काय?"

खोटं बोलता येत नाही मला. म्हटलं, "पसारा घालतो."

आई म्हणाली, "मेल्या, मग घरी चार महिने दुसरं काय करत होतास?"