ओठ बघणाऱ्या मॅडम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक माननीय विजयसिंह साहेब, व्यासपीठावरच्या सत्कारमूर्ती, आपल्या सुरक्षा अधिकारी वर्षाराणी मॅडम, आणि उचगावाहून शिफ्ट संपवून थेट शाहूपुरीच्या या सभागृहात आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो!

मी गणपतराव, रंग विभागाचा फोरमन. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. चारांत भागणार नाही, हे साहेबांनाही ठाऊक आहे. मॅडम आज निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागी इतक्यात कुणाला घेणार नाहीत, असं कानावर आलंय. त्यावर बोलेनच. आधी कौतुक.

मॅडम आल्या आणि पहिला हुकूम काय काढला? आत पान खायचं नाही! कोल्हापूरच्या माणसाला जेवणानंतर पान नाही? आम्हाला वाटलं, बाईंना भिंतींची काळजी. आम्ही त्यांचं नाव ‘ओठबाई’ ठेवलं, कारण दिसेल त्याला म्हणायच्या, “ओठ दाखव.” मॅडम, हे नाव आज पहिल्यांदा ऐकताय ना? हसताय म्हणजे माहीत होतं!

आता पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्याकडे रंग बनतो तो अ‍ॅनिलिनपासून. दिसायला तेल, वास नासक्या मासळीचा. अंगावर सांडलं तर कातडीतून आत शिरतं, रक्ताला प्राणवायू धरता येत नाही आणि ओठ निळे पडतात. नखंही निळी पडतात, पण आमची नखं बाराही महिने रंगलेलीच. मग बघायचं काय? ओठच. आणि ते पानानं लाल केलेले!

समोर बसलेले आमचे गुंडूभाऊ. त्या दिवशी नळीचा जोड गळला आणि त्यांची पँट भिजली. ‘तेलच हाय की’ म्हणून यांनी फडक्यानं पुसली आणि जेवायला गेले. येताना नियम मोडून पान तोंडात. डोकं जड झालं, तर दोष दिला जत्रेतल्या मटणाला. तेवढ्यात मॅडम समोर.

“गुंडू, थूक ते.”

“मॅडम, आत्ताच लावलंय की!”

“थूक म्हणते न्हवं? चूळ भर.”

चूळ भरली, लाली गेली आणि खाली ओठ जांभळासारखे! मॅडमनी त्यांना धरून शॉवरखाली उभं केलं, कपडे उतरवायला लावले, साबण हातात दिला.

“मॅडम, माणसं बघत्यात!”

“बघू देत. जिता ऱ्हायलास तर लाजशील.”

दवाखान्यात डॉक्टरांनी औषध कुठलं टोचलं असेल? निळा रंग! खरंच, यावरचा उताराही एक रंगच आहे. दुसऱ्या दिवशी गुंडूभाऊ मोरीतून ओरडत बाहेर, “तानाबाई, मी आतनं हिरवा झालोय!” सभेत सांगू नये, पण वहिनींनीच परवानगी दिलीय. डॉक्टर म्हणाले, औषधाचाच रंग तो, लघवीतून उतरेल. मात्र आणायला उशीर झाला असता तर हा माणूस हाताला लागला नसता, असंही म्हणाले.

मॅडम, तुम्ही आम्हाला रागावलात, त्याबद्दल आभार. कळंब्याच्या घरी आता निवांत राहा.

अध्यक्ष महाराज, आपण हा समारंभ थाटात केलात, आपलेही मनापासून आभार. मॅडमच्या रिकाम्या जागेचा विषय मी गोड शब्दांत मांडणार होतो, पाठही करून आलो होतो. पण मघाशी दारात तानाबाई वहिनींनी मला थांबवलं. म्हणाल्या, “भावजी, सायबास्नी एवढंच सांगा, सांजच्याला माझा माणूस घरला येतोय. त्येच्या तोंडाकडं बघणारं तितं कोन तरी पायजेच.”

साहेब, यापुढं माझे गोड शब्द मला आठवेनात. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. वहिनींचं म्हणणं मात्र पोटात घालू नका.