वजनाला माणूस

उतरू नका, उतरू नका दादा, बसा तसेच — स्टिअरिंगला हात नको, ब्रेकवर पाय नको, नुसतं बसायचं, एवढंच काम आहे तुमचं. हो, मी खाली खड्ड्यातच आहे, तुमच्या पायांच्या बरोबर खाली. मला तुमचं तोंड दिसत नाही नि तुम्हाला माझं, बरंच आहे ते. काय म्हणता? गाडी जॅकवर होती तेव्हाच बोल्ट का नाही आवळले? सगळे हेच विचारतात. अहो, चाक ज्याच्यावर वर-खाली होतं तो लोखंडी आर्म असतो ना, त्याच्या मुळाशी रबराचे बुश असतात. गाडी वर टांगलेली असली की चाक लोंबतं, आर्म लटकतो, आणि तेव्हा आवळलं की रबर तसंच लटकलेलं पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली, वजन पडलं, की रबराला पीळ — तो पीळ घेऊनच ते बिचारं धावतं, प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं नि एक दिवस फाटतं. म्हणून चाकं जमिनीवर, आत माणूस वजनाला, आणि मगच शेवटचं आवळायचं. कळलं? नाही कळलं तरी चालेल. बसा.

तुमचे जुने बुश बघितलेत? त्या डब्याच्या झाकणावर ठेवलेत, खिडकीतून दिसतील. बॉल जॉइंट झिजले ते झिजले, जुनी पिकअप, माल वाहते, त्याला कोण काय करणार. पण बुश नवे होते हो! वरचे छापील आकडेसुद्धा पुसले नव्हते. आणि फाटलेत कसे बघा — गोल, पिळून टाकलेल्या फडक्यासारखे. हवेत आवळलेले. चाक काढल्याबरोबर मी ओळखलं ही करामत कोणाची ते, एखाद्याचं अक्षर ओळखावं तसं. चौकातल्या त्या काचेच्या ऑफिसवाल्या गॅरेजमध्ये बसवले ना? मग खालचा तोच खडखड आवाज परत यायला लागला, तुम्ही परत गेलात, आणि तो म्हणाला, रस्ते खराब आहेत, गाडी म्हातारी झाली, विकून टाका — बरोबर? मला कसं कळलं! अहो, माझा सख्खा भाऊ आहे तो. पाठचा.

ओशाळता कशाला, तुमचा काय दोष. हलू नका तेवढं.

आमच्याकडे हे काम तिघांचं असायचं. वडील सांगणार, धाकटा पाना धरणार आणि मी सीटवर. वजनाला. ‘तू बस गं, हलू नकोस.’ शाळेतून आले की दप्तरासकट चढवायचे, तेवढंच जास्त वजन म्हणून — सगळे हसायचे, मीही हसायचे. मला वाटायचं, मोठी झाले की पाना माझ्याकडे येईल. येतोय कुठला! गंमत बघा, ज्याच्या हातात पाना त्याला धीर नाही, नि जिला धीर तिला सीट. वडिलांची पाठ फिरली की हा गाडी वर असतानाच भराभर आवळून मोकळा. मी म्हणायची, अरे, खाली तरी घे, मी बसते की. ‘गप गं वजन!’ वजनच म्हणायचा मला. माझ्या पाठवणीच्या वेळी भर मांडवात म्हणाला — ‘चला, वजन उतरलं एकदाचं!’ लोक हसले. वडीलही हसले. ते मी अजून —

जाऊ दे. हा पाना बोथट झालाय, थांबा, दुसरा घेते.

नंतर वडिलांचे गुडघे गेले, तेव्हा खड्ड्यात कोण उतरलं? मीच. घरचं आवरून रोज जायची, कितीतरी वर्षं. आणि गॅरेज धाकट्याच्या नावावर केलं तेव्हा मला म्हणाले, तुझं घर वेगळं, तुझा संसार वेगळा. झालं. तेही बरोबरच म्हणा — मग माझ्या नवऱ्याने इथे पुलाखाली हे पत्रे ठोकले, खड्डा आम्ही दोघांनी खणला. म्हातारा एकदासुद्धा इकडे फिरकला नाही. नको फिरकू! त्याच्यावाचून अडलंय का माझं? गर्व म्हणून नाही सांगत, पण पाटीसुद्धा लावलेली नाही मी, तरी गाड्या येतात. तिकडून बिघडून आलेल्या तर फार. नवऱ्याला मी तेच म्हणते, अहो, नाव हाताचं होतं, पाटीचं नाही. तुमच्यापर्यंतही पोचलंच ना माझं नाव? कोणी सांगितलं तुम्हाला?

कुठल्या म्हाताऱ्याने?

त्या गॅरेजच्या फाटकाजवळ — ट्रकची जुनी सीट काढून टाकलीय, तिच्यावर बसलेला? तुमची गाडी बाहेर पडताना डोळे मिटून ऐकत होता? हं. तसाच ऐकतो तो. आणि म्हणाला काय? ‘पुलाखाली एक बाई आहे, तिच्याकडे ने, आत कोणाला बोलू नकोस.’ बाई म्हणाला? नीट आठवा. मुलगी नाही म्हणाला?

बाईच. बरं.

म्हणजे तो दुधाच्या गाडीवाला, ती शाळेची व्हॅन, ते पाण्याच्या टँकरवाले — सगळे त्यानेच धाडलेले. नाव झालंय म्हणे माझं! कान शाबूत आहेत म्हाताऱ्याचे, पोरगा कुठे चुकतो ते बसल्या जागी कळतं त्याला. पण पोराला चार शब्द सुनवायची छाती नाही. त्याची पाटी झळकली पाहिजे. मग निस्तरायला कोण? बसवा तिला. आहेच ती, हलायची नाही. अजून वजनालाच बसलेय मी, दादा.

वाटतं, सोडावं इथेच. तशीच पाठवावी परत. घाबरू नका हो — बायकापोरं बसतात तुमची हिच्यात, माझ्याच्याने नाही व्हायचं ते. आणि तेच त्याला ठाऊक आहे. त्याच भरवशावर बसलाय तिथे आरामात.

काही नाही, हात सटकला. सालटं निघालं थोडं.

आणखी काय म्हणाला? काम झालं की परत फाटकावरून जा, आवाज ऐकायचाय? माझ्या कामाचा? इतकी वर्षं इथे यायला पाय उचलला नाही, आणि आता तिथे बसून — खोकत होते का हो बाबा? अंगावर काही पांघरलेलं होतं? नको, सांगू नका. मी विचारलंच नाही असं समजा.

झालं. दोन्ही बाजू आवळल्या. अलाइनमेंट करून घ्या, कुठेही करा, चौक सोडून. आणि हे बघा, चौकातून जायचंच नाही. कालव्याच्या कडेने जा. लांब पडेल, पडू दे. फाटकावरून न्यायची नाही गाडी, माझी शप्पथ आहे. बसू दे डोळे मिटून वाट बघत.

उतरता कशाला आता? चावी फिरवा. नाही, मी वर येत नाही. तुम्ही काढा गाडी.