स्टिअरिंगला बांधलेलं लाल कार्ड

हॅलो? … हां माऊली, बोल. … भोसरीत. शफीभाईंच्या दुकानात. … अरे गुरुवार आहे, कारखान्यांची सुट्टी, दुकानांची सगळी लाइन बंद. माझ्यासाठी अर्धं शटर वर केलंय त्यांनी. … ब्रेक ऑइल घेतलं, तांब्याचे वॉशर शोधतायत. ते मिळाले की सरळ घरी निघोज्याला येते. जेवून बसू कामाला. तू तेवढा गोठा झाडून ठेव, मागच्या वेळी पाठीला नुसता भुसा टोचत होता. …

काय? मोठ्यानं बोल, वारा येतोय फोनमध्ये. … ब्रेकचं पेडल खोल जातंय? कुणाच्या गाडीचं? … मित्राच्या. बरं. … विचार की, त्यात काय. … एकदम जातंय का हळूहळू? … म्हणजे सकाळी बरं होतं, आता दर वेळी थोडं खाली. … दोन-तीनदा दाबलं की वर येतं? … मग ब्रेकच्या लाइनमध्ये हवा आहे. आणि कुठूनतरी ऑइल गळतंय. मित्राला म्हणावं, आहेस तिथं गाडी उभी कर. … कशी चालेल रे? … नाही चालणार. चाकं बघायला सांग त्याला. आतल्या बाजूनं कुठलं ओलं दिसतंय का. … हो, थांबते. …

शफीभाई, हे नाही, याच्याहून बारीक. हां, तसले. …

हां, बोल. … डावं पुढचं. … आतून ओलं, वर धूळ चिकटलीये. … डावं पुढचं.

माऊली. … नाही, थांब. मित्राचं नाव काय? … नाव सांग ना. … आठवेना? … माऊली, आपली गाडी कुठंय? … गोठ्यात ना? मग जा आणि फोटो काढून पाठव. आत्ता. … का नाही? …

कुठं? … माळशेज?

… थांब. शफीभाई, ऐकलंत का? … माझा भाऊ गाडी घेऊन माळशेजला गेलाय. … हो, तीच. आमची लाल दोन सीटची. मागच्या गुरुवारी जिच्या डाव्या चाकाचा ब्रेक उघडून ठेवलाय, तीच. …

माझं ऐक आता. ताई-ताई करू नकोस, ऐक. घाटाच्या वर आहेस का खाली? … वर. चहाच्या टपरीपाशी. म्हणजे घाट उतरायचाय अजून. … नाही उतरायचा. … नाही. … अरे सेकंड गिअरमध्ये काय, तू खांद्यावर घेऊन निघालास तरी उतरायचा नाही. … हँडब्रेक ओढलाय? चाकाला दगड लाव. … आधी दगड लाव, मग बोल. … लावला? दोन्ही बाजूंनी? … चांगला मोठा आहे ना? …

हां. आता मी बोलते. स्टिअरिंगला लाल कार्ड बांधलं होतं मी. … बांधलं होतं का नव्हतं? … दिसलं होतं. मग? … गाठ सुटली. आपोआप. … माझी गाठ. माऊली, अकरा वर्षं झाली मला कंपनीत मेंटेनन्सला. माझी गाठ सुटत नसते. …

तू पण दोन वर्षं होतास की चाकणच्या कंपनीत. नियम काय आहे? मशीन उघडलं की आपल्या नावाचं लाल कार्ड लावायचं. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. मॅनेजर आला तरी हात लावत नाही. का? तर आत कुणाचातरी हात असतो. … हो, हात. पाच बोटांचा. … आमच्या लाइनवरच्या धम्मपालला विचार. जुन्या कंपनीत होता तेव्हा असंच एकानं कार्ड काढलं आणि बटण दाबलं. विचार त्याला, डाव्या हातानं चहाचा कप कसा धरतोस म्हणून. …

त्या चाकाला मी जुने वॉशर लावलेत, नुसते आवळून. जमिनीवर ऑइल ठिबकू नये म्हणून. चालवायला नाही. … माहीत नव्हतं तर फोन करायचा सकाळी. केलास कधी, तर नव्वद किलोमीटर गेल्यावर. आणि तोही मित्राच्या गाडीचा. …

एवढी घाई कसली होती? … ग्रुपची ड्राइव्ह. मग पुढच्या गुरुवारी गेला असतास. आठ वर्षं ताडपत्रीखाली सडलेली गाडी, ट्रॉलीवर घालून आणली तेव्हा गाव हसलं होतं आपल्याला. चौदा गुरुवार मी तिच्याखाली झोपलीये. बायका मार्गशीर्षातले गुरुवार धरतात, मी गोठा धरला. तुला एक पंधरावा धरवेना? …

शब्द दिला होतास? कुणाला? … ग्रुपला. काय म्हणून? … काय म्हणून शब्द दिलास? …

काय शफीभाई? … दाखवा. … थांब माऊली, शफीभाई काहीतरी दाखवतायत. ते आहेत ना तुमच्या स्पोर्ट्स कारच्या ग्रुपवर. … अच्छा. … 'प्रोजेक्ट पूर्ण. एकूण एक काम स्वतःच्या हातानं. गुरुवारी पुढं माझी गाडी.' … वा.

आणि हा फोटो. … माऊली, हा हात कुणाचा? … पाना धरलाय तो. … मनगटापाशी फोटो कापलास, बांगडी दिसू नये म्हणून. अंगठ्याची चिकटपट्टी राहिली की रे. तुझा अंगठा कधी फाटला होता? … खाली त्रेपन्न जणांनी शाबासकी दिलीये. 'भावा, तुझ्या हातात कला आहे.' … आहे ना. हातात आहेच. …

नाही, मला याचा राग नाही आला. … आलाय. याचाही आलाय, खोटं कशाला बोलू. मला ग्रुपमध्ये घे म्हटलं होतं, तर काय म्हणालास? 'ताई, सगळे पुरुष आहेत, तुला अवघडल्यासारखं होईल.' … अवघडायचं कुणाला होतं ते कळलं आज. …

नाक ओढू नकोस. … सर्दी नाहीये तुला. मला शिकवतोस. …

कोण खोकलं? … माऊली, तुझ्याजवळ कोण खोकलं आत्ता? … टपरीवरचा माणूस? … हा खोकला मी जन्मल्यापासून ऐकतेय. … आईला घेऊन गेलायस?

… आईला. त्या गाडीत. तिला बसवायला दोघं लागतात आणि उतरवायला तिघं. … तिलाच यायचं होतं म्हणे. अरे तिला कुठंही यायचं असतं, तिला काय माहीत ब्रेकचं? तू सांगितलंस? … विचारलंस तिला, की आई, ब्रेक अर्धाच आहे, येतेस का? …

काय म्हणालास, फोन ठेवू? … ठेवत नाही. ठेवला तर उतरशील तू घाट, ओळखते मी तुला. चारचौघांत 'गाडी बंद पडली' म्हणायला जीभ रेटायची नाही, पण आईला घेऊन दरीच्या कडेनं उतरशील. … शपथ घालू नकोस. कुणाची घालू नकोस. फोन आईला दे. … दे म्हणते ना.

आई? … व्हय, मीच. … बरी हायेस ना? … बसलीस कुठं? … गाडीतच. आधी खाली उतर. … गुडघा धरलाय? मग माऊलीचा हात धर. … चहा मागनं घे, आधी उतर. … उतरलीस? … व्हय, दिसत असंल छान. … ढग खाली आन् आपण वर. … बघितलंस ना, बरं झालं. पण आता त्या गाडीत परत बसायचं न्हाई. … ब्रेक लागत न्हाई तिचा. … तुला सांगितलं न्हाई त्यानं. मला तरी कुठं सांगितलं. …

रागावू नको म्हणतेस. … आई, तुला काय झालं असतं तर … बरं. बरं, तुझ्यासमोर न्हाई रागवत. … काय? … काय सापडलं? … लाल कार्ड? कुठं? … तुझ्या पायाखाली. … मग? … उचलून चंचीत ठेवलंस. पानात. का गं? …

… माझं नाव हाय म्हणून.

… ऐकतेय. फोन चालू हाय. … न्हाई, काय न्हाई. शफीभाईंना टेम्पो काढा म्हणत व्हते. …

आई, एक काम कर. ते कार्ड बाहेर काढ. … किती जण हायेत तिथं? … बारा-तेरा. सगळे गाडीवाले. त्यांच्यासमोर वाच. … येतं की तुला, साक्षरतेच्या वर्गाला कशाला जात व्हतीस मग? … चष्मा माऊलीच्या खिशात असंल. … देतो का न्हाई? … दिला. हां. सावकाश वाच, पण मोठ्यानं. …

'काम अपुरे आहे.' … बरोबर. … 'गाडी हलवू नये.' … हां, पुढं. … ती तारीख हाय, सोड. … त्याच्या खाली. 'काम करणार', आन् त्याच्यापुढं. … वाच ना. … वर्षाराणी. … व्हय. … गेनू. … येळवंडे. … व्हय आई, तेच. …

फोन कोण मागतंय? …

कोण? … शादाबभाऊ. नमस्कार. … हो, ग्रुप तुम्हीच चालवता, माहितीये. … हो, मीच केलंय. … इंजिनपण. … माऊलीनं टॉर्च धरला. … नाही, तेवढं खरं आहे. चौदाच्या चौदा गुरुवार धरला, एकदा हात हलला नाही त्याचा. तेवढंच टाकायचं होतं ग्रुपवर, मला चाललं असतं. …

तुमच्यात ब्रेकची हवा काढता येते कुणाला? … कुणालाच नाही. … नऊ गाड्या आहेत म्हणता. … बरं, राहू दे. येते मी. शफीभाई टेम्पो काढतायत. तीन तास धरा. … आईला खुर्ची द्या आणि गरम काहीतरी खायला द्या. गाडीची किल्ली तुमच्या खिशात ठेवा. त्याला द्यायची नाही, रडला तरी. … द्या, आईला द्या परत.

आई, ऐक. ते कार्ड स्टिअरिंगला बांध. … माऊली बांधतो म्हणतोय? … न्हाई. त्याला हात लावू देऊ नको. तू बांध. वैरणीच्या पेंढीला मारतेस तसली गाठ मार. … मारली? … ओढून बघ. … अजून जोरात. … सुटली? … न्हाई ना. …

मग माऊलीला दाखव, आपोआप सुटती का ते. … येते मी. ठेव.