दिवा मीच मागितलता

माझं नाव परशराम, पर शहापुरात समदी परसू म्हणत्यात, आणि परसू कोण असं कुणी इचारलं तर, तो न्हवं का कल्लाप्पाचा साडू, असं सांगत्यात. म्हंजे बघा, पन्नाशीला टेकलो तरी माझी वळख त्याच्या नावानं. तुम्ही लिवून घेणार असाल तर हे पैलं लिवा मास्तर. आमचा जलम पलेगातला. पलेग आला तवा समदं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून ऱ्हायलं, तितं माझी आई बाळंत झाली आणि शेजारच्या झोपडीत ह्याची आई, आणि ह्यो आदी झाला. सुईण एकच. ती त्याला न्हाऊमाखू घालण्यात गुतली आणि माझी आई इकडं वरडतीया. आई हे हसत सांगायची, मला काय आजून हसू येत न्हाय.

धंदा आमचा मागाचा, त्याचाबी त्योच. लुगडी इणायची आणि पेठेत नेऊन घालायची. त्याचं घर वरच्या गल्लीत, माझं खालच्या. वरची गल्ली रुंद, मधी चौक, दोन बैलगाड्या शेजारून जातील आशी, आणि आमची म्हंजे एका दारातनं शिंकलं की समोरच्या दारातला देव बरं करो म्हणंल आशी. आता तेच्यात कल्लाप्पाचं काय कर्तब हाय सांगा, गल्ली काय त्यानं रुंद केली न्हाय, पर लोक म्हणायची वरच्या गल्लीची माणसं मोकळ्या मनाची. बरं, लगीन झालं ते बी एकाच घरात. वडगावच्या सासऱ्याच्या दोन लेकी, थोरली गंगा त्याला दिली, धाकटी रुक्मी मला. दिवाळीला गेलो की त्याला थोरला जावई म्हणून चांदीचं ताट आणि मला पितळंचं. जेवण एकच हो, पर पितळंत ते ग्वाड लागत न्हाय.

आमचं शहापूर संस्थानातलं. रस्ता वलांडला की इंग्रजाचं बेळगाव, आणि कॅम्पात तर सायबाच्या कुत्र्यालासुदिक दिव्याखाली भुकायची सोय. आम्ही आपलं अंधारात चाचपत. पर मुन्शिपाल्टी हुती आमाला. वर्सातनं दोनदा, श्रावणात आणि माघात, प्रेसिडेंट सायब आणि मेंबर मारुतीच्या देवळात यायचे, ते खुर्चीवर, आम्ही कट्ट्यावर, बायका खांबाआड, आणि ज्याला जे इचारायचं ते उभं ऱ्हाऊन इचारायचं. बहुतेक लोक नुसती वरडायची, एक बोलाय लागला की चौघं मधी तोंड घालायची, मेंबर म्हणायचे बघू, आणि खोबरं वाटून समदी घरला.

एका श्रावणात कल्लाप्पा उभा ऱ्हायला. त्याचं बोलणं म्हंजे लोण्यात सुरी. आदी सायबांच्या आईच्या गुडघ्याची चवकशी केली, मग हळूच म्हणला, सायब, तिनीसांजंला तुम्ही कोर्टातनं आमच्याच गल्लीतनं घरला जाता, परवा तुमचा पाय दगडाला लागल्याला मी बगितला, माझ्या जिवाला लागलं, गल्लीत एक दिवा झाला तर तुमचा पाय वाचंल न्हवं का? बास, एवढंच. आपल्यासाठी काय मागितलं न्हाय, सायबाच्या पायासाठी मागितलं. समदी मेंबरं हसली, सायब हसला, आणि दसऱ्याच्या आत वरच्या गल्लीच्या चौकात मधोमध दगडी चौथरा, तेच्यावर खांब, खांबावर काचंचा रॉकेलचा दिवा! रोज दिवेलागणीला मुन्शिपाल्टीचा माणूस शिडी घेऊन यायचा, काच पुसायचा, दिवा लावायचा, आणि पोरं भवतीनं नाचायची. चौथऱ्यावर लोक बसायला लागली, आणि मधी कोण, तर कल्लाप्पा.

माझ्या पोटात आस्सं दुखायला लागलं, काय सांगू. माग चालवताना धोटा इकडनं तिकडं जायचा आणि माझ्या डोक्यात एकच, दिवा, दिवा. त्यात आमची रुक्मी जेवाय वाढताना म्हणायची, दाजींनी इचारलं कसं बगा, मऊपणानं. मी म्हणायचो, भाकरी वाढ. रातच्याला लघवीला उठलो तरी वरच्या गल्लीचा उजेड आमच्या भिताडावर पडायचा. त्याचा उजेड, माझ्या भिताडावर.

पुढल्या श्रावणापतोर मी तयारी केली. मागावर बसून बोलाय शिकलो. रुक्मी म्हणली, इचारणारच हायसा तर गटाराचं इचारा, म्होरं तुंबलंय, पोरं आजारी पडत्यात. मी म्हणलो, गटार मागाय मी काय भिकारी हाय? देवळात उभा ऱ्हायलो आणि सरळ म्हणलो, सायब, वरची गल्ली तुमची आणि खालची काय सवतीची? आमालाबी दिवा पायजे. आमची गल्ली पाठीमागनं व्हय व्हय म्हणून वरडली, कारण जळत हुती समदीच, मी एकटा न्हवतो. सायब म्हणला, अहो देऊ की, पण गल्ली अरुंद आहे तुमची, तोंडाशी कोपऱ्यावर लावू या. आणि मी बगितलं तर म्होरं बसलेला कल्लाप्पा मान हलवतोय, व्हय, कोपऱ्यावर बरा. झालं. माझं डोस्कं फिरलं. म्हणलो, कोपऱ्यावर कशाला, आम्ही काय कोपऱ्यातली माणसं हाय? त्यांच्यात मधोमध हाय न्हवं, मग आमच्यातबी मधोमध, माझ्या दारासमोर, चौथऱ्यासकट, आणि चौथरा एक थर उंच पायजे. सायब हात जोडून म्हणला, बरं बाबा, तसं करू.

देवळातनं भायेर पडताना कल्लाप्पानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणला, परसू, पाजणीचं बगितलास का रं? मी त्याचा हात झटकला. म्हणलो, कल्लाण्णा, तुला बगवंना व्हय आमचा उजेड? घरला आल्यावर रुक्मीबी म्हणली, दाजी काय खोटं सांगत न्हाईत. मी म्हणलो, तू तुझ्या दाजीच्या घरला जा.

आता पाजणी म्हंजे काय ते तुमाला सांगाय पायजे, तुम्ही मास्तर माणूस. लुगड्याचा उभा दोरा, त्याला ताणा म्हणायचं, तो मागावर चढवायच्या आदी त्याला खळ पाजाय लागती, पिठाची पातळ खळ, म्हंजे दोरा कडक हुतो, तुटत न्हाय. तो ताणा गल्लीत ह्या टोकापासनं त्या टोकापतोर सरळ ताणायचा, फुलीगत बांधल्याल्या बांबूच्या कैच्यांवर, आणि दोन्ही अंगानं माणसं कुंचं फिरवत चालायची, ऊन तापायच्या आत. एकट्या घराचं काम न्हाय ते, शेजार पायजे, आज माझी पाजणी तर उद्या तुझी. खालच्या गल्लीत वाडवडलांपासनं पाजणी गल्लीच्या मधोमधच. पर श्रावण हुता हो! पाऊसकाळात गल्लीत पाजणी नसती, आदीच पाजून ठेवलेले ताणे घरात इणत बसायचं, गल्ली नुसती चिखलाची. कुणाच्याच डोळ्याम्होरं पाजणी न्हवती. न्हायतर मी काय खुळा हाय?

मुन्शिपाल्टीचा ओव्हरसियर कानडी माणूस, त्याला मराठी बेताचीच. गल्लीत आला, हिकडं बगितलं, तिकडं बगितलं, माझ्या दारासमोर काठी टेकली आणि इचारलं, इल्ले बेकू? म्हंजे हितंच पायजे का. मी म्हणलो, इल्लेच बेकू. परत कोपऱ्याकडं बोट केलं त्यानं, मी परत म्हणलो इल्लेच. गवंडी लावला, चौथरा उठला, एक थर उंच, मी सोता उभा ऱ्हाऊन बगितला. आणि दिवा लागला तवा, खरं सांगतो, माझ्या लग्नात झाला नसंल एवढा आनंद मला झाला. रोज सांजंला चौथऱ्यावर मी मधी बसायचो. कल्लाप्पा पेठेतनं जाताना वाट वाकडी करून आला आणि म्हणला, लई झ्याक उजेड पडला की रं परसू. बोलला ते बी मनापासनं. त्यानं जरा तरी तोंड वाकडं करायचं की! तेवढं सुख काय दिलं न्हाय मला.

पाऊस सरला, दसरा झाला, आणि गल्लीत पैली पाजणी निघाली ती माझीच. ताणा घेऊन आम्ही भायेर आलो आणि तितंच उभी ऱ्हायलो. मधी चौथरा. एका अंगानं न्यावा तर भिताड, दुसऱ्या अंगानं न्यावा तर उंबरे. कुणीतरी म्हणला, वळसा घालून नेऊ. वळसा घातला तर आतला दोरा सैल आणि भायेरचा ताठ, कुंचा फिरवला की तटातटा तुटाय लागला. अख्खा ताणा वाया. समोरचा सातेरी आप्पा, म्हातारा माणूस, चौथऱ्यावर बसला आणि म्हणला, परसू, लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेत्यात, तू गल्लीच्या पायावर पाडलास की रं. हसलं न्हाय कुणी. समदे माग त्या गल्लीवर चालत हुते.

मग काय, एकेक घर ताणा खांद्यावर घेऊन वरच्या गल्लीत जायाला लागलं. त्यांची गल्ली रुंद, चौकात दिवा असला तरी शेजारून दोन ताणे जायचे. आणि कल्लाप्पा दारात उभा, या की, गल्ली काय आमच्या बापाची हाय, चा घ्या आदी. त्याची बायको खळीला चूल पेटवून द्यायची. आमची माणसं परत येऊन सांगायची, काय माणूस हाय! मी गेलो न्हाय. म्हणलो, माग मोडून खाईन पर तितं जाणार न्हाय. माग रिकामा पडला. पेठेतला व्यापारी म्हणला, परशराम, लग्नसराईची लुगडी तू देणार का मी दुसऱ्याला सांगू? रुक्मी चार पैशासाठी दुसऱ्याच्या धोट्याला सुताच्या कांड्या भरून द्यायला बसली. सांजंला दिवा लागायचा आणि तेचा उजेड सरळ माझ्या दारातनं आत यायचा, रिकाम्या मागावर पडायचा. मी दार लावून घ्यायचो.

माघात मेंबरं आली देवळात. गल्लीनं मला म्होरं ढकललं, तूच मागितलास, तूच इचार. उभा ऱ्हायलो. सायबानंच इचारलं, काय परशराम, आणखी एक थर चढवायचा का? समदं देऊळ हसलं. मी कसंबसं म्हणलो, सायब, दिवा कोपऱ्यावर घ्या. सायबाचं तोंड फिरलं. म्हणला, मी सांगत होतो तेव्हा कुणाचं ऐकलंत? लोकांचा पैसा आहे, रोज उठून खांब हलवायला खेळ आहे का हा? बसा खाली. झालं, मनात म्हणलो, संपलं, आता माग कायमचा बंद.

तवा कल्लाप्पा उभा ऱ्हायला. हात जोडले आणि म्हणला, सायब, परसूची चूक न्हाय तेच्यात. मीच त्याला भरीला घातलं, मधोमध मागून घे म्हणलो, आमच्या गल्लीत शोभतोय म्हणून मला वाटलं. तो माझा साडू, माझा शबुद मोडत न्हाय, म्हणून फसला. चूक माझी हाय, बोलायचं ते मला बोला, पर त्यांच्या पाजणीची गल्ली तेवढी मोकळी करा.

साफ खोटं! देवळात, मारुतीम्होरं! मी वरडणारच हुतो की ह्याचं काय न्हाय तेच्यात, ह्यानं तर नको म्हणलंतं, मधोमध मी मागितला, एक थर उंच मी मागितला. तोंड उघडलं बी. तेवढ्यात खांबाआडनं रुक्मी दिसली. माझ्याकडंच बघत हुती. कांड्या भरून भरून तिच्या बोटाला चिरा पडल्या हुत्या, त्या हातानं तिनं पदर तोंडाला धरला हुता. मी खाली बसलो. आणि सायब कल्लाप्पाला म्हणला, चूक कबूल करणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला, आणि ओव्हरसियरला सांगितलं, कोपऱ्यावर घ्या. लोकांनी कल्लाप्पाची पाठ थोपटली. आमच्या गल्लीतल्या माणसांनीसुदिक, ज्यांनी माझं मागणं कानानं ऐकलंतं त्यांनी. माझ्याकडं माझी म्हणावी अशी एक चूक हुती, ती बी त्यानं न्हेली.

गल्ली मोकळी झाली, माग चालू झाला, लुगडी येळंत गेली, पोरं लहानाची मोठी झाली. गटार मात्र आजून तुंबल्यालंच हाय, तेचं कुणी इचारलं न्हाय. आता स्वराज्य आलं, पलीकडं बेळगावात झेंडा लागला, म्हणत्यात आता संस्थानंबी जाणार, विजेचे दिवे येणार. येऊ द्यात. कोपऱ्यावरला दिवा आजून हाय, आणि तेच्याखाली सांजंला कल्लाप्पा येऊन बसतो, गुडघं दुखत्यात म्हणून घरापतोर एका दमात जाववत न्हाय त्याला. मी बी जाऊन बसतो. येणारा जाणारा आदी त्याला इचारतो, कल्लाण्णा, बरं हाय न्हवं? मग मला. नव्या सुना पोरांना सांगत्यात, ह्यो कल्लाप्पा आजोबाचा दिवा.

मी मारुतीला रोज हात जोडतो, मास्तर. म्हणतो, देवा, कल्लाप्पाला शंभर वर्सं दे, त्याचं गुडघं बरं कर, त्याला काय कमी पडू देऊ नगंस. आणि मला त्याच्यापेक्षा एकच दिस जास्ती दे. त्या दिवशी मला कट्ट्यावर उभं ऱ्हाऊन समद्या शहापुराला सांगायचं हाय, की दिवा मीच मागितलता, मधोमध मीच मागितलता, आणि त्यानं मला नको म्हणून सांगितलंतं.