कांगारू बरी की रुई?

प्राणिसंग्रहालयाबाहेरच्या बसथांब्यावर माझ्या पुढे दोघं उभी होती. एक कांगारूंची देखभाल करणारा, दुसरी तिथल्याच बागेतली माळीणबाई.

“आई असावी तर आमच्या कांगारूसारखी! पिल्लू एवढं वाढलं, तरी पिशवीत घेते.”

“त्यापेक्षा माझी रुई बरी, दादा. बोंड पिकलं की बिया वाऱ्यावर उडवून देते. जा म्हणते, जग बघा.”

“आणि हरवल्या तर?”

“हरवतील कशाला? माझी लेक जहाजाचं इंजिन सांभाळते. बंदर लागलं की फोन करते.”

“आमचे चिरंजीवही करतात की फोन.”

“कुठून?”

“शेजारच्या खोलीतून. चहा ठेवा म्हणून.”

“अगंबाई! आणि तुम्ही ठेवता?”

“ठेवतो तर! असा चहा त्याला जगात दुसरीकडे कुठं मिळणार आहे?”