भास्करचा परत आलेला लेख

तुम्ही विचारता ना, जळगावात इतकी वर्षं काढून मला जिवाभावाचा मित्र कसा नाही? होता एक, भास्कर. आम्ही दोघंही वनस्पतिशास्त्र शिकवायचो, फक्त कॉलेजं वेगळी.

एकदा एका संशोधन पत्रिकेने केळीच्या करपा रोगावरचा लेख माझ्याकडे तपासायला पाठवला. नियमाप्रमाणे लेखकाचं नाव झाकलेलं होतं. अर्धा लेख एका जुन्या प्रबंधातून जसाच्या तसा उतरवलेला. मी संपादकांना तसं कळवलं.

काही दिवसांनी भास्कर घरी आला, चेहरा उतरलेला.

"माझा करप्यावरचा लेख परत आला रे. कोण परीक्षक होता कोण जाणे, सरळ चोरी म्हणाला."

परीक्षकाने आपलं नाव सांगायचं नसतं, म्हणून मी फक्त चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"बढतीच्या घाईत उतरवलं," तो म्हणाला. "तू असतास तर सांभाळून घेतलं असतंस ना, भाऊ?"

"नसतं घेतलं, भास्कर."

तो उठला. मग चपला घालता घालता म्हणाला, "म्हणजे तूच होतास."

मी नाही म्हणालो नाही.

त्यानंतरही तो बाजारात भेटायचा, थांबायचा, तब्येत विचारायचा. फक्त मला 'सर' म्हणायचा.