मान्यतेआधीची ये-जा

वैष्णवीच्या आईला शस्त्रक्रियेसाठी आत नेल्यावर ती आणि तिचे वडील कोंडीराम वारज्याच्या त्या दवाखान्यात बाकावर बसून होती. शेजारी दुसऱ्या पेशंटसोबत आलेला, अनोळखी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक अभिनव वर्तमानपत्र वाचत असल्याचं भासवत ऐकत होता.

“प्रबंध कशावर हाय तुझा?”

“फ्रान्स आणि हैतीच्या राजदूतांवर, आबा. हैती फ्रान्सच्या ताब्यातून स्वतंत्र झाला, तरी फ्रान्सनं एकवीस वर्षं त्याला देश मानलंच नाही.”

“मंग बोलणं कसं व्हायचं?”

“दुसरंच निमित्त सांगून माणसं गुपचूप जायची. आई मंडईचं सांगून आमच्याकडे येते, तशी.”

“ठाऊक हाय मला. आता महिनाभर तिला उठता यायचं न्हाई.”

“हो.”

“त्यो कुठं हाय?”

“बाहेर. लग्नापासून तुमच्यासमोर येत नाही तो.”

“बलाव. जावई असा बाहेर उभा ऱ्हातो व्हय?”

जागा करून देत अभिनव बाकावर जरा सरकून बसला.